बाळंतिणीचं पाणी

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी माहेरी, पेठ वडगावला होते. सासर कबनूरचं. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे दोन्ही घरांनी न बोलताच ठरवलेलं, म्हणून सातव्यातच मी आईकडे येऊन राहिले. घरात आई, थोरला दादा आणि त्याची बायको एवढीच माणसं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाचं रस्त्याला लागून ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप होतं. वहिनी चंदगडकडची. वयानं माझ्यापेक्षा लहान, नात्यानं मोठी. मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती तिकडच्या सवयीनं मला अक्का. मी बाळंत झाले तेव्हा तिला सहावा लागला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं मावशीला बोलावणं धाडलं. ती नात्यातली नव्हे, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची. गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. बाळंतिणींची अंगं चोळणं आणि बाळांना न्हाऊ घालणं हेच तिचं काम. अंगानं बारीक, पण मनगटं पुरुषासारखी. पहिल्या दिवशी तिनं मला मागच्या खोलीत जुन्या चादरीवर झोपवलं, वाटीतलं गरम तेल मांड्यांवर ओतलं आणि पोटऱ्यांपासून सुरुवात केली. मालिश म्हणजे सुखाचं काहीतरी असतं असं मला वाटत होतं. तिचे अंगठे हाडाला जाऊन भिडत होते. पाठीवर आली तेव्हा तिनं गुडघा लावला. मग मला उताणी केलं, बेंबीखाली दोन्ही तळवे रोवले आणि असा दाब दिला की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी किंचाळले.

"वरड," ती म्हणाली. "आत दाबून धरू नगंस. वरडणाऱ्या बाईचं अंग लवकर सैल पडतंय."

चोळून झालं की न्हाणीत नेऊन ती अंगावर पाणी घालायची. परसात गोठ्याशेजारी पत्र्याखाली चूल होती, तिच्यावर आई भल्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची. त्यात थोडं गार मिसळलं तरी ते अंगावर पडलं की कातडी निघून येईल असं वाटायचं. मग बाजेवर झोपवून खाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि शेपांचा धूर, आणि शेवटी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोट इतकं आवळायचं की श्वास वरच्या वर राहावा. मी रोज ओरडायचे. सुरुवातीला शेजारच्या बायका भिंतीवरून विचारायच्या, पोरगी बरी आहे ना. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. सकाळच्या वेळी आमच्या घरातून बाईचा आवाज येणारच, हे गल्लीनं गृहीत धरलं.

एके दिवशी मावशीला यायला उशीर झाला. मी बाजेवर मुलीला पाजत पडले होते. स्वयंपाकघरातून आधी भांडं आपटल्याचा आवाज आला. नंतर एक वेगळा आवाज आला. ओली गोणी जमिनीवर टाकल्यासारखा. आणि मग वहिनी ओरडली. एकदाच, तोंडावर हात ठेवल्यासारखी मधेच तुटलेली. भिंतीपलीकडून शेजारीण सहज म्हणाली, "आज मावशी उशिरा आली वाटतं."

मी मुलीला बाजूला ठेवून उठेपर्यंत दादाच्या मोटारसायकलचा आवाज लांब गेला होता. वहिनी न्हाणीत तोंड धूत होती. मी विचारलं, काय झालं. ती वर न बघता म्हणाली, "काय न्हाई अक्का. तव्याचा चटका बसला."

मी आईकडे बघितलं. आई कणीक मळत होती. ती तशीच मळत राहिली.

आमच्या लहानपणी वडील आईला मारायचे. पट्ट्यानं, चपलेनं, हाताला येईल त्यानं. एकदा त्यांनी दारात तिची करंगळी चेंगरली, ती आजही सरळ होत नाही. ते सुरू झालं की दादा मला बाजेखाली ओढायचा आणि माझ्या कानांवर स्वतःचे हात घट्ट दाबून धरायचा. स्वतःचे कान तो उघडेच ठेवायचा. मला त्या सगळ्यातलं फार आठवत नाही ते त्यामुळेच. तो दादा आपल्या बायकोला मारतोय, हे त्या सकाळी मला कळलं, पण डोक्यात नीट शिरायला आणखी दोन दिवस लागले.

वहिनीच्या पायांना सूज यायची, कंबर धरायची. मला चोळून झालं की मावशी वाटीतलं उरलेलं तेल घेऊन तिला हाक मारायची. पोटाला हात लावायची नाही. पोटुशीच्या पोटाला हात लावायचा नसतो म्हणायची. फक्त पाय, पाठ आणि खांदे, आणि तेही इतक्या हलक्या हातानं की हीच बाई मला गुडघा लावते यावर विश्वास बसू नये. आईला ते आवडायचं नाही. "तिचं तिच्या माहेरी करतील की," असं ती म्हणायची. मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दोन दिवसांनी वहिनी अशीच कुशीवर झोपली आणि मावशीनं तिचं पोलकं पाठीवरून वर सरकवलं. मी शेजारीच बाजेवर होते. पाठीवर तीन पट्टे होते. दोन जुने, पिवळे पडत आलेले. एक ताजा, काळानिळा, कडेला कातडी फुटलेली. आमच्या वर्कशॉपमध्ये ग्रिलसाठी लोखंडी पट्टी येते. तिची रुंदी मला लहानपणापासून माहीत आहे.

"हे काय ग?" मावशीनं विचारलं.

"गोठ्यात घसरले."

"गोठा असा सरळ रेघा मारतोय व्हय?"

मावशीनं तेलाची बोटं त्या पट्ट्याच्या कडेकडेनं फिरवली आणि पोलकं खाली ओढलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला म्हाईत हुतं?"

"परवा कळलं," मी म्हणाले.

"आणि तुझ्या आईला?"

आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "नवराबायकोचं हाय ते. चार दिसांत गोड हुतंय. आमी न्हाय काय सोसलं? आणि तू बाळंतीण हाईस, तू गप पडून ऱ्हा."

संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. वहिनीला मी मुद्दाम मुलीजवळ बसवलं होतं. मी विचारलं, "तू तिला पट्टीनं मारतोस?"

त्यानं घास खाल्ला, पाणी प्यायला. "ती सांगितली व्हय तुला?"

"पाठ बघितली मी."

"मग परत बघू नगंस. तुझं बाळंतपण करून घे आणि जा तुझ्या घरला."

"पोटात पोर हाय तिच्या."

"माझंच हाय न्हवं?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. वडील ओरडायचे तरी. मी म्हणाले, "पुन्हा हात लावलास तर मी पोलिसात जाईन." तो हसला आणि आईला म्हणाला, भात वाढ. आईनं वाढला.

रात्री मी वहिनीला तिच्या माहेरी फोन करायला सांगितलं. ती म्हणाली, वडिलांना नुकता हृदयाचा त्रास होऊन गेलाय, सातव्यात ओटी भरायला येतील तेव्हा सांगते. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो, मग बघू. रविवार यायच्या आधीच ते घडलं.

सकाळची वेळ होती. माझं चोळून झालं होतं, अंगाला तेल तसंच होतं, मी साडी गुंडाळून बाजेवर बसले होते. परसात पाणी उकळत होतं आणि आई चुलीपाशी होती. मावशीनं वहिनीला चादरीवर घेतलं होतं आणि तिचे दंड, खांदे तेलानं माखले होते. मुलगी पाळण्यात झोपली होती. तेवढ्यात दादा आला. वर्कशॉपला डबा पोचला नव्हता म्हणून तो परत आला होता. स्वयंपाकघरात गॅसवर काही नाही हे बघून तो तसाच मागच्या खोलीच्या दारात आला.

"आरामात हाय की," तो म्हणाला.

वहिनी उठून बसेपर्यंत त्यानं तिचे केस धरले आणि तिला चादरीवरून फरफटत दाराकडे ओढलं. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. त्यानं दंड धरून तिला उभं करायचा प्रयत्न केला, पण तेलामुळं त्याचा हात निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. त्यानं तो जास्तच चिडला. त्यानं लाथ मारली. ती पोट वाचवायला वळली आणि लाथ कमरेवर बसली. ती ओरडली, मी ओरडले, मुलगी जागी होऊन रडायला लागली. इतका आरडाओरडा होऊनही भिंतीपलीकडून कुणी आलं नाही.

दुसरी लाथ उचलली तेव्हा मावशी मधे पडली. त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. तिचा ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून पोलक्यावर आलं. ती मागं हटली नाही. मी मागून त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळले. माझे टाके अजून ओले होते. त्यानं कोपर मारून मला झटकलं, मी बाजेच्या काठावर पडले आणि मांड्यांमधून गरम काहीतरी वाहतंय हे मला कळलं. तो पुन्हा वहिनीकडे वळला आणि त्याचा पाय सांडलेल्या तेलावर पडला. एवढा मोठा माणूस आडवा झाला. पाठ शहाबादी फरशीवर आदळली.

मावशी त्याच्या छातीवर बसली. रोज माझ्या पाठीला लावायची तो गुडघा तिनं त्याच्या बरगडीखाली रोवला आणि दोन्ही अंगठे गळ्याच्या दोन बाजूंना ठेवले. तो धडपडत होता, पण त्याला उठता येईना. मावशी जोरात श्वास घेत होती. तिच्या ओठातलं रक्त त्याच्या शर्टावर गळत होतं. ती म्हणाली, "हल, आता हल बघू."

दादाचा चेहरा लाल झाला, मग जांभळट. मी बघत होते. मावशीला थांबवायला मी उठले नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तेवढ्यात आई आली. आवाज ऐकून ती चुलीवरचं पातेलं दोन्ही फडक्यांनी धरून तशीच धावत आली होती की मुद्दाम घेऊन आली होती, हे तिचं तिलाच ठाऊक. ती दारात एक क्षण थांबली. तिला दिसलं ते एवढंच, की एक बाई तिच्या पोराच्या उरावर बसून त्याचा गळा धरते आहे. तिनं पातेलं मावशीवर उपडं केलं.

तो आवाज मी लिहू शकत नाही. मावशीची पाठ, डावा खांदा, डावा दंड आणि हाताचा पंजा एकदम भाजले. हात तर तेलानं माखलेला, त्यावर उकळतं पाणी पडलं. काही शिंतोडे दादाच्या मानेवर आणि कानावर गेले. तो गुरासारखा ओरडला, मावशीला ढकलून उठला आणि मान धरून बाहेर पळाला. मावशी फरशीवर गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात समोर धरला. पंजावरची कातडी मोज्यासारखी सुटायला लागली होती.

मी तिला ओढत न्हाणीत नेलं आणि नळ सोडला. वहिनी एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं तांब्यानं तिच्या पाठीवर गार पाणी ओतत राहिली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. माझ्या पायावरून रक्त फरशीवर जात होतं. आम्ही तिघी त्या अरुंद न्हाणीत एकमेकींना टेकून उभ्या होतो. आई रिकामं पातेलं घेऊन दारात उभी होती.

"ती त्याचा जीव घेत हुती," आई म्हणाली. "मी काय करू?"

वहिनीनं पुढचा तांब्या भरला.

नळ तसाच सोडून मी मुलीला छातीशी घेतलं, बाहेर रस्त्यावर गेले आणि रिक्षा थांबवली. शेजारीण फाटकाशी आली. म्हणाली, "आज लई वरडालीस की." मग तिला माझी साडी दिसली आणि ती गप्प झाली. तिनंच मावशीला गुंडाळायला धुतलेली चादर आणून दिली.

गावातल्या डॉक्टरांनी हात लावला नाही, कोल्हापूरला न्यायला सांगितलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मावशीला भाजलेल्यांच्या वॉर्डात घेतलं, मला पुन्हा टाके घातले आणि वहिनीच्या पोटाला मशीन लावून ठोके बघितले. ठोके ऐकू आले तेव्हा ती पहिल्यांदा रडली. माझा नवरा कारखाना सोडून आला. कॉरिडॉरमध्ये तो हळूच म्हणाला, "घरातलं घरात मिटवलेलं बरं. आईचं नाव घेणार हाईस का?" मी म्हणाले, "मावशीला विचार."

हवालदार आला तेव्हा मावशी पालथी पडली होती. पाठ उघडी, मलमानं पांढरी. तिनं त्याला सगळं सांगितलं, केस कसे धरले, लाथ कुठं बसली, स्वतः गळा धरला तेही. पाणी कुणी ओतलं, असं त्यानं विचारलं.

"हिच्या आईनं," ती माझ्याकडे हात न करता म्हणाली. "लिवा. आणि हिला बी विचारा, हिनं बघितलंय."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आईनं ओतलं." जन्मभर जिच्या हातचं खाल्लं तिचं नाव असं घ्यावं लागलं.

त्याच दिवशी वहिनीचे आईवडील चंदगडहून आले. वडिलांनी वहिनीच्या कपाळावरची पट्टी बघितली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिची आई माझ्याजवळ बसली. तिनं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "तू आमच्याकडं चल आता. तुझं बाळंतपण अजून सरायचंय." मी गेले नाही. नवऱ्याबरोबर कबनूरला गेले. सासूनं माझं उरलेलं बाळंतपण केलं, फारसं न विचारता.

दादाला पकडून नेलं, नंतर जामीन मिळाला. आईला वयामुळं लवकर सोडलं. केस अजून चालू आहे. तारखेला मी जाते. दादा समोरच्या बाकावर बसतो. त्याच्या कानामागं भाजल्याचा डाग आहे. तो माझ्याकडे बघत नाही आणि मीही बघत नाही. कधीतरी त्याच्या हातांकडे नजर जाते, आणि ते माझ्या कानांवर असल्याचं आठवतं. मग मी वकिलांकडे बघते.

मावशीच्या पाठीवरची कातडी भरली. डाव्या पंजाची बोटं मात्र आत वळली ती वळलीच. दोन ऑपरेशनं झाली. आता पेला धरता येतो, पण दाब देता येत नाही. वहिनी दिवस भरून बाळंत झाली, तिकडंच, माहेरी. मुलगा झाला, वजनानं थोडा कमी. आठवडाभरानं तिचा फोन आला. "अक्का, अंग दुखतंय लई. इथल्या बाईचा हात मला सोसंना. कोण बी अंगाला हात लावला की मी दचकते."

मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मला घिऊन चल. हात तुझं, डोस्कं माझं."

एस्टीनं आम्ही चंदगडला गेलो. चार दिवस राहिलो. मावशी पाटावर बसून सांगायची आणि मी चोळायचे. माझा अंगठा चुकीच्या जागी पडला की ती चांगल्या हातानं माझ्या मनगटावर चापट मारायची. "हाडावर न्हाय. हाडाच्या कडंनं." पहिल्या दिवशी वहिनीच्या खांद्याला हात लावला तर ती सगळी आखडली. मी हात काढला. मावशी म्हणाली, "काढू नगंस. नुसता ठिव." मी नुसता ठेवला. बऱ्याच वेळानं तिचा खांदा माझ्या तळव्याखाली खाली गेला. पोटाला दाब द्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि मावशीनंही सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर, गाडी घाट उतरत असताना मावशी अचानक म्हणाली, "तुझ्या आईला मी माफ केल्यालं न्हाय. तुला म्हाईत असावं म्हणून सांगितलं." मी म्हणाले, "माहीत आहे." मग ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

माझी मुलगी उभं राहायला लागली तेव्हा आई एकदा कबनूरला आली. न सांगता, दुपारची. पिशवीत माझ्यासाठी अळिवाचे लाडू होते. सासूनं तिला आत घेतलं आणि ती स्वतः शेजारी निघून गेली. आई खुर्चीवर बसली नाही, खाली बसली. तिनं विचारलं, "तिचा हात कसा हाय?"

"बोटं सरळ होत नाहीत."

तिनं मान हलवली. मुलगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. आईनं तिला उचललं नाही, माझ्याकडे बघितलं.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "पुन्हा तसंच झालं, तर काय करशील?"

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता, तो कबनूरला दिवसभर असतोच.

"तेच करीन," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

मी उठले आणि चहा टाकला. तिनं बशीत ओतून प्यायला, बशी धुऊन पालथी घातली आणि उन्हं उतरायच्या आत निघाली. स्टँडवर मी तिला सोडायला गेले. वडगावची गाडी भरलेली होती. ती दांड्याला धरून उभी राहिली आणि गाडी हलली.